वीस डॉलरची पाठवणी

पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. निवृत्तीनंतर जर्मनीत झिंडेलफिंगेनला मुलीकडे राहत असताना हाती आलेली एक मात्र लख्ख आठवते. तिचा पंचनामा कुठेच नाही.

खबर आणली शेजारच्या मराठी इंजिनिअरने. त्याचे वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांनी अमेरिकेत घेतलेलं वीस डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं घरात होतं. वडील गेले, आई मुलाकडे राहायला आली. मुलाला इथे घर घ्यायचं होतं, म्हणून त्याने ते एका वृद्ध जर्मन व्यापाऱ्याला दाखवलं. व्यापारी हरखला. अशा नाण्याला सोन्याच्या कितीतरी पट किंमत येते ती त्याच्या टांकसाळीतल्या मूळ कांतीमुळे. ते पुसूसुद्धा नका, असं त्याने बजावलं. काही दिवसांनी मुलगा विकायला गेला, तर तोच व्यापारी म्हणाला, हे घासलेलं आहे, सोन्याच्या भावाने घेईन.

"काका, त्याने पहिल्याच दिवशी नाणं बदललं. गेनाऊ, अगदी हेच झालंय. उद्या आन्त्साइगे करतो."

आन्त्साइगे म्हणजे पोलिसांत तक्रार. दुकानदाराची आयुष्यभराची पत जाणार होती. रागाच्या भरात दिलेली फिर्याद टिकत नाही, आधी मुद्देमाल दाखव, असं मी त्याला सांगितलं.

नाणं भिंगाखाली धरलं. त्यावरच्या बाईच्या केसांच्या खाचेत लाल कण अडकला होता. कुंकू. जर्मन दुकानात ते कुठून येणार?

मुलाला ब्रेड आणायला पिटाळलं आणि त्याच्या आईपुढे बसलो. संशयिताला आधी बोलू द्यावं, हा माझा जुना शिरस्ता. चहा संपला तरी मी काही विचारलं नाही. शेवटी त्याच बोलल्या.

"मीच घासलं, रिठ्याने. यांच्या हातची एवढीच वस्तू उरली होती. हे म्हणायचे, या बाईचं नाक अगदी तुझं आहे. घरातून निघालेल्या लेकीला न्हाऊ घालून, कुंकू लावूनच पाठवतात ना, भाऊजी?"

"घासलं की किंमत जाते, हे माहीत होतं तुम्हाला, वहिनी?"

वहिनींनी नाणं पदराने पुसून मुठीत धरलं. मला उत्तर मिळालं. किंमत गेली, तरच ते घरात राहणार होतं.

मुलगा आल्यावर मी त्याला फक्त रिठ्याचं आणि कुंकवाचं सांगितलं. तो बराच वेळ आईजवळ बसला, मग त्याने नाणं देव्हाऱ्यात ठेवलं. तक्रार झाली नाही.

मुद्देमालाची किंमत पंचांसमोर लिहून घेण्यात माझा जन्म गेला. ती वस्तू कुणाला किती हवी आहे, यासाठी आमच्या पंचनाम्यात रकाना नव्हता. माझी पत्नी गेली तेव्हा तिच्या वस्तू नातेवाइकांत वाटल्या गेल्या, त्यात तिचा चांदीचा कुंकवाचा करंडाही गेला. त्या दिवशी मुलीच्या घराचा जिना चढताना तो करंडा फार हवासा वाटला. अजूनही वाटतो. वहिनींसारखी युक्ती मला वेळेवर सुचली नाही.