सव्वादोन तासांची वाराणसी, शेलारहून दहा तास

इद्रीसचाचांच्या बायकोचा, चाचींचा फोन आला तेव्हा बाबा जेवत होते. "इद्रीसचं परवा हार्टचं ऑपरेशन हाय. माझं नाव घेतो म्हंते," एवढं बोलून ते भरल्या ताटावरून उठले. भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात बाबा आणि इद्रीसचाचा शेजारशेजारच्या लूमवर अठ्ठावीस वर्षं राबले. चाचा वाराणसीला परतून सहा वर्षं झाली. बाबा एकदाही गेले नाहीत. रेल्वेने जाऊन-येऊन तीन दिवस मोडतात म्हणून.

मी मानकोलीच्या गोदामात कामाला. सुट्टी टाकली, मोबाइलवर दोन तिकिटं काढली. मुंबई ते वाराणसी हवाई अंतर साडेबाराशे किलोमीटर, वेळ सव्वादोन तास.

"म्हंजे दुपारी भेटू त्याला?" बाबांचं पहिलंच विमान.

त्या सव्वादोन तासांवर विसंबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भिवंडीजवळचं आमचं शेलार गाव सोडलं आणि मानकोलीलाच कंटेनरच्या रांगेत पाऊण तास अडकलो.

"बाय, इमान थांबंल का आपल्यासाठी?"

"नाही थांबत, बाबा."

विमानतळावर पोचायला पावणेअकरा. सव्वाबाराचं विमान पन्नास मिनिटं उशिरा. बाबा दर पाच मिनिटांनी उठून फलकापाशी जायचे. विमानात खिडकी मिळाली, पण त्यांची नजर माझ्या घड्याळावर.

विमानतळापासून शहर पंचवीसेक किलोमीटर, टॅक्सीला नऊशे. गर्दीत टॅक्सी हलेना, तेव्हा शेवटचा तुकडा अक्षरशः पळत गेलो. हॉस्पिटलच्या गेटवर सहाला दहा कमी.

"छह बजे तक ही मिलना है," वॉचमन म्हणाला.

"हम भिवंडी से आया है," बाबांनी धापा टाकत सांगितलं. त्याने दोघांनाही सोडलं.

चाचा फार वाळले होते. बाबांचा हात धरून त्यांनी पहिलं विचारलं, "अपनी आठ नंबर चल रही है?"

आठ नंबर म्हणजे चाचा चालवायचे तो लूम. कारखाना गेल्याच वर्षी बंद पडला होता. उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाला हे सांगायचं? मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी पाहिलंच नाही.

"न्हाय रे. सब भंगार में गया."

चाचांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "अच्छा हुआ. बहुत धागा तोड़ती थी कमबख्त!" दोघं इतके हसले की नर्स धावत आली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चार तास चाललं. मी कोपऱ्यावरून कचोरी-जिलेबी आणली. तिथली कचोरी खरंच चुकवू नका. बाबांनी हात लावला नाही. बाकावर बसलेसुद्धा नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन "ठीक हैं" म्हणाले, तेव्हा गार झालेल्या चार कचोऱ्या त्यांनी उभ्यानेच संपवल्या.

घरी आल्यावर आईने हौसेनं विचारलं, "काशी कशी हाय? घाट पाह्यलं का?"

"न्हाय," बाबा म्हणाले. "इद्रीसला पाह्यला."

"सा वर्सं मी नुसता लांब हाय, लांब हाय म्हणत बसलो," असं म्हणून ते चाचींना फोन लावायला अंगणात गेले.