फाटकापासून पालापर्यंतची चाचणी

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला कडा गावाजवळच्या एका शाळेत इंटर्नशिप मिळाली. सातवीला मराठी शिकवायचं आणि मूल्यमापनावर एक प्रकल्प करायचा. प्रकल्प मंजूर झाला नाही तर इंटर्नशिप धरली जात नव्हती आणि वर्ष वाया जाणार होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. वडिलांना पास आणि नापास एवढे दोनच शब्द माहीत होते. 'प्रकल्प नामंजूर' म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

मी विषय घेतला, ऑनलाइन फॉर्ममधून भाषेची चाचणी. फॉर्म तयार करून लिंक पाठवायची, मुलं उत्तरं देतात आणि गुण आपोआप लागतात, हे मला फार भारी वाटलं होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडमना मात्र शंका होती. त्या एवढंच म्हणाल्या, "गुण मुलांचेच आहेत हे मला दिसलं पाहिजे." मी मान हलवली. त्यात न दिसण्यासारखं काय आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

पहिल्या चाचणीत मी एक उतारा दिला, त्याखाली पर्यायांचे प्रश्न आणि शेवटी दोन-तीन ओळींत लिहायचं उत्तर. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाची उत्तरं आली होती आणि पर्यायांच्या प्रश्नांत प्रत्येकाला पैकीच्या पैकी गुण होते. दुपारच्या सुट्टीत मी तो तक्ता पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. आपण बरं शिकवतो की, असंही मनात येऊन गेलं. मग लेखी उत्तरं वाचायला घेतली. पहिलं उत्तर 'सदर उताऱ्यात नमूद केल्याप्रमाणे' असं सुरू होत होतं. दुसरंही तसंच, तिसरंही. ज्याला फळ्यावरची ओळ उतरवायला अर्धा तास लागायचा, त्या पोरानं शेवटी 'तरी कृपया नोंद घ्यावी' असं लिहिलं होतं.

वर्गात विचारलं तर कुणी काही लपवलं नाही. ऑनलाइन फॉर्म म्हटल्यावर आईवडील त्यांना घेऊन सरळ स्टँडवरच्या, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरला गेले होते, आधार कार्ड आणि फोटोसकट. एकानं दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली प्रिंट काढून दाखवली. "पप्पा म्हणले जपून ठेव. पुढं लागंल."

संध्याकाळी मी सेंटरला गेलो. तिथला चालक बारावीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा. मला बघितल्याबरोबर तो हसायला लागला. "जिंदगीत पयल्यांदा मला पैकीच्या पैकी पडले बे," तो म्हणाला, "तेबी पुऱ्या वर्गाएवढ्या बार."

मी चिडलो. लोकांना परत का पाठवलं नाहीस, म्हणून त्याला बोललो. त्यानं माझ्याकडं न बघता माउस फिरवत सांगितलं, की त्याच्या दारात लोक लाइन लावून उभे होते आणि शाळेची परीक्षा ही अशी मोबाइलवर येते हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं. लाइनीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आईही उभी होती. ते मेंढपाळ कुटुंब, रानात पाल ठोकून राहणारं. आमचं बोलणं ऐकून त्या पुढं आल्या.

"सर, ऑनलाइनचं एक बार चुकलं की दुरुस्त होत न्हाई. माझ्या हातानं पोरीचं नुकसान कावून करू?"

माझा प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळे याच खुर्चीवर बसून याच मित्रानं भरले होते. मी शेजारी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसायचो आणि तो विचारील तेवढंच सांगायचो. त्या बाईंनी वेगळं काय केलं होतं? आमच्याकडं फॉर्म हा जाणत्या माणसानं भरायचा असतो. लोकांनी ठेच लागून लागून हे शिकून घेतलं आहे.

निघताना मित्र मागून म्हणाला, "मला भरता येणार न्हाई असं काईतरी विचार ना बे."

तो चेष्टा करत होता, पण मी सायकलवर बसलो तेव्हापासून तेच डोक्यात फिरत राहिलं. त्याला सगळं भरता येत होतं. मुलांचा आवाज मात्र त्याच्याजवळ नव्हता आणि प्रत्येकाचं घर कुठं आहे तेही त्याला माहीत नव्हतं.

म्हणून दुसरी चाचणी बोलण्याची आणि ऐकण्याची केली. प्रत्येक मुलानं शाळेच्या फाटकापासून आपल्या घरापर्यंतची वाट सांगायची, मी ती फोनवर रेकॉर्ड करायची. कुणाचंही नाव घ्यायचं नाही, अमक्याच्या घराशेजारी असं म्हणायचं नाही, कारण नाव घेतलं की गावात सगळ्यांना सगळं कळतं. मी रविवारभर हिंडून घरांचे फोटो काढले. फॉर्ममध्ये नुसता आवाज घालता येईना, व्हिडिओ घालता येत होता. मग प्रत्येक आवाजाला शाळेच्या भिंतीचा फोटो लावून त्याचा व्हिडिओ केला. त्याखाली चार घरांचे फोटो दिले. बाकीच्या मुलांनी ऐकून योग्य घर निवडायचं. जितक्या जणांना घर सापडलं, तितके गुण सांगणाऱ्याला. ऐकणाऱ्यांचे गुण वेगळे. हे सगळं शाळेतच, माझ्या डोळ्यांसमोर, शाळेच्या टॅबवर आणि माझ्या फोनवर आळीपाळीनं.

त्या मेंढपाळांच्या मुलीनं पहिल्याच दिवशी मला अडवलं. "सर, आमचं पाल आज हितं, उंद्या तिथं. कंची वाट सांगू?" जिथं असेल तिथली सांग, म्हणालो. मग तिनं विचारलं की कुणाला सांगायची, हितं तर समद्यांना वाट ठावं हाय. मी म्हणालो, या भागात कधीच न आलेल्या माणसाला सांगतेस असं समज. तिनं जरा विचार केला. "त्याला म्हैस तरी वळखू येती का?"

वर्ग हसला. मला मात्र तिचा प्रश्न खरा वाटला.

मॅडम पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी पाल हललं आणि तिनं सांगितलेली वाट फुकट गेली. मी पहाटे सायकलवर जाऊन नव्या जागेचा फोटो काढला आणि शाळा भरण्याआधी तिचं पुन्हा रेकॉर्ड केलं. घाईत मी स्वतः ते पूर्ण ऐकलंही नाही.

दुपारी मॅडमसमोर चाचणी झाली. काही मुलांनी सांगितलेली वाट कुणालाच कळली नाही. एकाच्या घराला चारही फोटोंवर मतं पडली आणि तो डोकं खाजवत हसत राहिला. मेंढपाळांच्या मुलीच्या प्रश्नाखालची, उत्तरांचं प्रमाण दाखवणारी गोल चकती मात्र अख्खी एकाच रंगाची आली. सगळ्यांनी पालच निवडलं होतं.

मॅडमनी चष्मा वर केला. "पहिल्या वेळीही सगळ्यांना पूर्ण गुण होते ना?"

मी हो म्हणालो. पालात राहणारी ती एकटीच, मुलांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं असेल, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं पाडायला माझ्याजवळ काही नव्हतं. मग त्यांनी माझा फोन मागून घेतला. "मला इथलं काहीच माहीत नाही. चला. तुम्ही फक्त मागून यायचं, बोलायचं नाही."

मुलगी वर्गातच राहिली. आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि मॅडमनी तिचा आवाज लावला. "कारखान्याचं धुराडं डाव्या हाताला धरा. डांबरी सुटली की पाइपलाइनीसंगं चाला." मॅडम थांबत, ऐकत, चालत होत्या. पाइपलाइन सापडली. कोरडा ओढा आला, तो त्या चपला सांभाळत उतरल्या. "वर आल्यावर बाभळीखाली म्हैस बांधलेली हाय. तिथून उजवीकडं वळा."

वर आलो. बाभळी पुष्कळ होत्या. म्हैस कुठंच नव्हती.

मॅडमनी फोन थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. पहाटे मी तीच म्हैस डोळ्यांनी बघितली होती, पण मला बोलायची परवानगी नव्हती. माझा प्रकल्प त्या ओढ्याकाठी संपला, असं मला वाटलं. त्यांनी पुन्हा एकदा चारी बाजूंना पाहिलं आणि फोन परत सुरू केला.

रेकॉर्डिंगमध्ये थोडी मोकळी जागा होती. मग मुलगी म्हणाली, "म्हैस चरायला सोडली आसली तर दिसायची न्हाई. मंग खुटा बघा. खुट्याभवती रातभर फिरून तिनं गवत तुडवलंया, गोल पडलाया."

तिसऱ्या बाभळीखाली खुटा होता. त्याच्याभोवती तुडवलेल्या गवताचा गोल. मॅडम त्या गोलाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं हसल्या. "ऐकणारा कुठं अडेल ते हिनं आधीच बघून ठेवलं," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मी सातवीच्या मुलीकडून काय मागणार?"

पुढं आवाज म्हणाला, "आता कुत्रं भुकंल. भिऊ नका, बांधलंय." कुत्रं भुंकलं. मॅडमना पुन्हा हसू आलं.

पालापुढं पालथ्या घातलेल्या मोठ्या डालग्याखाली कोकरं ओरडत होती. मुलीची आई भांडी घासत होती. लेकीचा आवाज ऐकून त्या उठल्या, पदरानं हात पुसत आमच्या मागं बघायला लागल्या.

"पोरगी कुटंय? शाळा सुटली का काय?"

"ती शाळेतच आहे," मॅडम म्हणाल्या. "तिचं ऐकत ऐकत आम्ही इथवर आलो."

आईनं फोन दोन्ही हातांत घेतला आणि परत लावायला सांगितलं. फाटकापासून कुत्र्यापर्यंत सगळं उभ्यानंच ऐकलं. खुट्याच्या वाक्याला त्यांची मान आपसूक हलली. मग त्यांनी मला विचारलं, "हे समदं तिनं एकटीनं सांगितलं? कुणी लिवून न्हाई दिलं?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी बी न्हाई."

त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि तेवढ्यात मॅडमनी माझी फाइल मागितली. सतरंजीवर बसून, गुडघ्यावर फाइल धरून त्यांनी शेवटच्या पानावर 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. एका मेंढीनं फाइलचं टोक हुंगलं, म्हणून मी ती पटकन पोटाशी धरली. मग ती तशीच धरून चहा प्यालो.

परत येताना मॅडमनी फोन मला देऊन टाकला होता. ओढा, पाइपलाइन, डांबरी, सगळीकडं त्याच पुढं होत्या आणि मी मागं. कुठं वळायचं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.