भागिरथीबाईंचे प्रश्न

जामखेडजवळच्या आमच्या महाविद्यालयात भागिरथीबाई बावीस वर्षे शिपाई आहेत. सकाळी माझे टेबल पुसताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज तरी डबा आणला का वो, भाऊसाहेब?" बायको गेल्यापासून मी डबा विसरतो, हे त्यांना ठाऊक होते. दुसरे कोणी विचारत नसे.

जानेवारीत पुण्याहून रेश्मा नावाची संशोधक यायची होती. इथल्या माणसाचे बोलणे तिला ध्वनिमुद्रित करायचे होते. प्राचार्यांनी बाईंचे नाव सुचवले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून व्यवस्था माझ्याकडे दिली. रेश्माच्या पत्रावर आवक क्रमांक मीच टाकला. मजकूर मात्र वाचला नाही.

आदल्या दिवशी मी बाईंना समोर बसवले.

"उद्या 'वो', 'बरं', 'व्हय' असलं काही नको. शुद्ध बोला. 'आपण कुठून आलात?' म्हणा."

त्या हसल्या. "दाखवायच्या पोरीवानी पढवताय व्हय मला?"

मी हसलो नाही. त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाई पदर घट्ट लपेटून बसल्या. रेश्माने प्रश्न विचारायला सांगितले की त्या माझ्याकडे बघून म्हणत, "आपण कुठून आलात? आपण जेवलात का?" अर्ध्या तासाने तिने यंत्र बंद केले.

"काका, या एरवीही अशाच बोलतात?"

बाईच म्हणाल्या, "न्हाई ताई. आमचं बोलनं चांगलं न्हाई, असं साहेबांनी सांगितलं."

रेश्मा रागावली नाही. तिने मला समजावले : जर्मन आणि इटालियन माणसे प्रश्नात एखादा बारीक शब्द घालतात. जर्मनमध्ये तो वाक्याच्या पोटात बसतो, इटलीच्या काही बोलींत अगदी शेवटी. काढला तरी प्रश्न तोच राहतो, फक्त विचारणाऱ्याची काळजी, नवल, चीड कळत नाही. मराठीत असे शब्द कुठे बसतात, तेच ऐकायला ती आली होती. पत्रात हे सगळे लिहिले होते.

संध्याकाळी मी बाईंची माफी मागितली. "माझं चुकलं. पहिल्यासारखं बोलत जा."

"बरं, साहेब."

माझ्या निवृत्तीला सात महिने आहेत. बाई अजून रोज टेबल पुसतात. "साहेब, आपण डबा आणला का?" एवढेच विचारतात आणि उत्तराला न थांबता पुढच्या टेबलाकडे जातात.