देवीपुढचा डावा हात

माझ्या बाबांना नाचाचं वावडं नव्हतं, त्यांना धास्ती होती ती लोकांची. "लोकायसमोर माही मान खाली गेली, तं त्याच दिवशी क्लास बंद," असं त्यांनी मला चिखलीच्या स्टँडवर, बस लागलेली असताना सांगितलं. देऊळगाव राजाला नवरात्राच्या मंडपात आम्हा क्लासच्या मुलींचा नाच होता आणि बाबा मला पहिल्यांदाच नाचताना बघणार होते. आणि मी म्हणते काय, "पाहा तं खरं तुम्ही, बाबा!"

हा फुशारकीचा रोग मला जन्माचाच. आमच्या नाचाच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. त्यांनी नाच स्वतःच मोबाइलवर काढून पाठवला आणि सगळ्यांत मोठी म्हणून बाकीच्यांना शिकवायचं काम माझ्यावर टाकलं. काही अडलं तर फोन कर, असंही म्हणाल्या. मी कशाची करते! सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला तो व्हिडिओ आरशासारखा उलटा आला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाई डावा हात उचलताना दिसल्या, मी डावा शिकवला. माझ्या शेजारी नाचणारी एकदा म्हणालीसुद्धा, "ताई, देवीले फुलं डाव्या हातानं?" मी तिच्यावर खेकसले, "जास्त शानपत्ती करू नको व!" सरावाला हातात फुलं नसायची, म्हणून बाकी कुणाला खटकलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मंडप खच्चून भरला होता. बाबा दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. पहिलं कडवं बरं गेलं. मग फुलांच्या ताटल्या घेऊन आम्ही देवीकडे वळलो आणि एकदमच डाव्या हातानं फुलं वाहिली. पुढे बसलेल्या बायांत कुजबुज उठली. "अव माय, डाव्या हातानं!" हे मला ढोलकीतूनही ऐकू आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, व्हिडिओच उलटा होता!

फुलं अजून दोनदा वाहायची होती. दुसऱ्या खेपेला मी घाबरून एकटीनंच हात बदलला, उलटी वळले, ती थेट त्या शेजारणीवर आदळले. तिची ताटली खणखणत स्टेजवरून खाली गेली. लोक हसले. बाबा हसले नाहीत. तिसऱ्या खेपेला मात्र मी दात आवळून सगळ्यांबरोबर डावाच हात पुढे केला. चूक आहे हे पक्कं माहीत होतं, पण आता बदलणं म्हणजे आणखी कुणाला तरी पाडणं होतं.

खाली उतरलो तर मंडळाच्या एक मावशी वाटच बघत होत्या. "देवीले डाव्या हातानं वाह्यता? कोणं शिकवलं व तुम्हाले? आन् ताटली पाडणारी कोणती?" जिची ताटली पडली होती ती हुंदके द्यायला लागली आणि मावशी तिच्याकडेच वळल्या. बाबा मागे येऊन उभे राहिलेले मला दिसले. गप्प बसले असते तर सगळं तिच्यावर गेलं असतं आणि माझा क्लास वाचला असता. खरं सांगते, मला गप्पच बसायचं होतं.

"म्या शिकवलं," मी म्हणाले. "हिनं मले सांगतलं होतं, मीच आयकलं नाही. ताटलीबी माह्याच धक्क्यानं पडली."

मावशी मग बरंच काही बोलल्या. बाबांनी ते उभ्यानं, मान खाली घालून ऐकून घेतलं. ते बघताना मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. क्लास गेला, हे मी धरूनच चालले होते. घुंगरांची पिशवी मांडीवर घेऊन रडू दाबत होते. चिखली जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या पोरीची माफी मागतली का?"

"नाही."

"मंग उद्या क्लासले गेली का सगळ्यायसमोर माग."

"क्लासले जाऊ, बाबा?"

"न जाऊन कसं चालन? एवढ्या पोट्ट्यायले उलटं शिकवून ठेवलं तुनं. आता सुलटं कोण शिकवन, मी?"