आबाजींचा काळा चष्मा

नंबर पुन्हा वाढला होता. मी मशीनवर दोनदा पाहिलं, मग ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलून पाहिलं. वाढलाच होता.

देवळीतल्या माझ्या दवाखान्यात, समोरच्या खुर्चीत दहा वर्षांची जान्हवी पाय हलवत बसली होती. मागे तिचे आईवडील आणि आबाजी, म्हणजे आजोबा. तिच्या आईचा नंबर लहानपणापासून वाढत मायनस बारावर गेला, मग एका डोळ्याचा पडदा सुटला आणि तो डोळा गेला. लेकीचं तसं होऊ नये म्हणून ती बाई जिवाचं रान करत होती.

“माह्यासारखं नको व्हाले, साहेब,” ती म्हणाली. मला वर बघवेना.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. “हे लाल लाइटची मशीन नागपूरले भेटते म्हणते. घेऊन टाकू का?”

लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलांचा डोळा वाढत्या वयात लांबट होत जातो. चष्म्यानं दिसतं, पण ती वाढ थांबत नाही. या मशीनमध्ये मूल रोज दोन वेळा काही मिनिटं लाल उजेडाकडे बघतं. त्यानं वाढ मंदावते असं दिसलंय, पण काही मुलांच्या पडद्याला इजाही झाली आहे. त्यामुळे मी हात आखडता घेतो.

आधी मी उजेडाचाच, पण फुकटातला उपाय दिला होता. दिवसाउजेडी रोज दोन तास उघड्यावर खेळायचं. सूर्याकडे बघायचं नाही, झाडाची सावली चालेल.

“पाठवता ना बाहेर?” मी जरा तिखटच विचारलं.

“एक दिवस खाडा नाई,” आबाजी म्हणाले. “मी सोता सोबत असतो.”

मग मी हात टेकले. आधी पडद्याची पूर्ण तपासणी करू, मशीनचं नंतर बघू, असं सांगून नागपूरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. मंडळी निघाली.

सहज खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे बसची वाट बघत उभं असताना आबाजींनी खिशातून काळा चष्मा काढला आणि जान्हवीच्या चष्म्यावर चढवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही देतो तो, बाजूनंही बंद असलेला. स्वतः मात्र कपाळावर हात धरून उन्हात डोळे बारीक करून उभे.

मी तसाच अनवाणी पळालो. डांबर तापलेलं. एका पायावरून दुसऱ्यावर नाचत विचारलं, “आबाजी, हे काय?”

“तुमचाच चष्मा हाय. ऑपरेशन झाल्यावर तुमीच त बजावलं होतं, उन्हात याच्याबिगर निघाचं नाई.”

“अहो, ते तुमच्यासाठी.”

“मंग पोरीचे डोये काय लोखंडाचे हायेत?”

“आणि तुमचे?”

“माहं पाहून झालं सारं. तिचं राह्यलं हाय.”

मी भडकायच्या बेतात होतो, तो राग जागीच विरघळला. हसू आलं. मग तिथंच समजावलं की औषध म्हणजे तो उजेडच आहे, तो डोळ्यात शिरला पाहिजे, आणि ही काच त्याला दारातूनच परत पाठवते. साध्या गॉगलनं एवढं बिघडलं नसतं. जान्हवीनं चष्मा काढून आबाजींच्या नाकावर ठेवला.

नागपूरला पडदा ठणठणीत निघाला. मशीनचं आम्ही पुढच्या तपासणीवर ढकललं. जान्हवी आबाजींबरोबर रोज शेतात हुंदडू लागली.

पुढच्या तपासणीला मी पुन्हा दोनदा पाहिलं. नंबर तेवढाच होता. आईनं तीनदा विचारलं, “वाढला नाई न?” आणि पदर तोंडाला लावून हसत रडली. मलाही फार बरं वाटलं. सगळ्याच मुलांचं नुसत्या उजेडावर भागत नाही. कुणाला थेंब लागतात, कुणाला वेगळ्या काचा. हिचं तूर्त भागलं.

आबाजी माझ्या अंधाऱ्या तपासणीच्या खोलीत काळा चष्मा लावून बसले होते.

“इथं तरी काढा,” मी म्हणालो.

“काऊन? मंग पुन्हा म्हणसान, मी सांगतलं नव्हतं का?”

तेव्हापासून नवा सल्ला देण्याआधी मी विचारून घेतो, की याच घरात मी आधी कुणाला काय सांगून ठेवलंय. डॉक्टरचं ऐकणारी माणसं क्वचित भेटतात, पण भेटली की शब्दन् शब्द पाळतात.