टेंपोतून घरपोच आलेली मोटारसायकल

ती घटना आजही आठवली की डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

जांभूळ गावच्या एका तरुणानं उल्हासनगरच्या डीलरकडून इटालियन स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. सेकंडहँड, पण मॉडिफाय केलेली: नवा रंग, रुंद कव्हर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर. तिसऱ्याच दिवशी सरळ रस्त्यावर तो पडला आणि जागीच गेला. गाडी बघूनच आम्ही पोलिसांनी ठरवलं, अतिवेग. मयतावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला आणि पंचनामा तासाभरात उरकला. गावातही लोक म्हणू लागले, पोराला माज नडला.

जबाबाला त्याचे वडील आले. भातशेती करणारा साधा माणूस. "सायेब, माजा पोऱ्या तसा नव्हता," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. डीलरनं गाडी टेंपोतून आणून अंगणात उतरवली होती, चाकांना धूळही लागू दिली नव्हती. त्यांना तो मान वाटला होता.

चार दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "साब, उस गाडी का कव्हर खोलके देखो." आवारात पडलेली गाडी आरटीओच्या निरीक्षकांसमोर उघडली. हँडलखाली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जुन्या वेल्डिंगच्या जागी तुटली होती. आधी चासी तुटली, मग मुलगा पडला, असं त्यांनी लिहून दिलं.

डीलरला बोलावलं. गडी बिनधास्त. डिलिव्हरी नोट टेबलावर आपटून म्हणाला, "साहेब, ही बघा पोराची सही. टाइम पण लिहिलाय. उसके बाद सब जिम्मेदारी उसकी. वेल्डिंगचं मला काय माहीत?"

कानाखाली वाजवावीशी वाटली, पण आवाज चढवला नाही. विचारलं, "तुझ्या दुकानापासून जांभूळ किती लांब?"

"अर्धा तास."

"मग चालवत का नाही नेलीस?"

पठ्ठ्या पंख्याखाली बसून घाम पुसू लागला. मग पुटपुटला, "रिस्क कोण घेणार, साहेब?"

आणि तीच रिस्क यानं दुसऱ्याच्या पोराला हसत हसत विकली! त्याच्याच तोंडून उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधल्या वेल्डरचं नाव निघालं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण वेल्डरची साक्ष टिकणार होती. "ही फक्त शोला ठेव, रोडवर काढू नको," असं त्यानं डीलरला बजावलं होतं. तो निनावी फोनही वेल्डरचाच होता. डीलरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

बेरकी माणसं नोकरीत पुष्कळ पाहिली. या केसनं मात्र माझा आळस मला दाखवला. मेलेला माणूस जबाब देत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलणं सोपं जातं. मीही तेच केलं होतं.

मुलाचा काही दोष नाही, असा अहवाल पाठवला आणि त्याची प्रत घेऊन जांभूळला गेलो. ओटीवर बसून वाचू लागलो, तर वडिलांनी माझा हात धरला.

"सायेब, जरा मोठ्यानं वाचा. शेजारची मानसं बी ऐकू दे."