मेंढरांचं औषध

पुण्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मी हरवून जाते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आळसावल्यासारख्या सरकत असतात. जंतू समोर आला की त्याला कवेत घेतात आणि गिळून टाकतात. शिरूर कासारच्या माळावर चरणारी मेंढरं बघत बसावं, तसं वाटतं. औषधांना दाद न देणारे जंतू आम्ही स्वतः मारत नाही. एक बारीकसा रेणू पेशींची भूक वाढवतो, पुढचं त्या बघून घेतात.

माझे वडील, आबा, मेंढपाळ. मेंढीला इंजेक्शन दिलं की बाटलीत उरलेलं ते स्वतःला टोचून घेत. ताप, ठेच, काटा, सगळ्यावर तेच. टोचायची मीच, कारण माझा हात हलका! बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी बंद. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू निर्ढावतात, हे मी पुढे शिकले. तरी सुट्टीत घरी गेले की आबांच्या शब्दाखातर मुकाट्याने टोचत राहिले. त्याचा मला अजून संताप येतो.

यंदा त्यांच्या पायाची जखम चिघळली. बीडच्या दवाखान्यात जखमेतल्या जंतूंच्या तपासणीचा कागद हाती आला, त्यातलं एकही औषध त्यांच्यावर लागू पडणार नव्हतं. पाय काढला नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दुपारी खाटेशेजारी बसल्या बसल्या मला डुलकी लागली. पट्टीखाली पेशी हळूहळू सरकत होत्या, मी थेंब थेंब रेणू सोडत होते आणि जखम कडेकडेने भरत चालली होती. आबांच्या आवाजाने मी जागी झाले.

"तुझं ते औषध हाय की."

"ते अजून माणसाला देत न्हाईत, आबा. आत्ताशी उंदरांवर चाललंय."

"मग दे की. मेंढराचं चाललं मला, उंदराचं कावून न्हाई चालणार?"

ते हसले. मला हसू आलं नाही. "न्हाई देता येत," एवढंच मी म्हणाले.

पाय गुडघ्याखालून गेला. शुद्धीवर आल्यावर ते हळूच म्हणाले, "तुझी उंदरं जगली का गं?"

"जगली," मी म्हणाले, आणि त्यांच्या उशीत तोंड खुपसून रडले.